सिरियल नंबर नथी, काका

बडोद्याजवळच्या वढवाण्याच्या तळ्यावर थंडीचे पाहुणे पक्षी उतरलेले, पतंगांचं उत्तरायण तोंडावर आलेलं, आणि माझी ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स सर्व्हिस सेंटरच्या कपाटात अडकलेली होती. का, तर बिलावर एक नंबर कमी. डोकं अजून थंड झालेलं नाही, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

लेन्स निवडताना फार घोळ झाला नव्हता. मित्र याहून लांबचं दाखवणारी १५०-६०० घ्या म्हणून मागे लागले होते. तिचं वजन दोन किलोच्या घरात, आणि मी स्कूटरवरून हिंडणारा निवृत्त माणूस. माझ्या कॅमेऱ्याचा चित्र टिपणारा सेन्सर लहान, १.५ क्रॉपचा, म्हणजे दीडपट जवळचं दाखवणारा, त्यामुळे ३०० वर मला ४५० इतकं जवळचं दिसतं. कामाटीबागेतल्या झाडांवरच्या पक्ष्यांना आणि गच्चीवरून पतंगांना तेवढं पुरतं. ज्यांना गरब्याचे फोटो हवेत त्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये. लांबच्या टोकाला ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, ६.३ च्या पुढे उघडत नाही, रात्री आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, इतका चढवावा लागतो की चनियाचोळीवरचे आरसे आणि फोटोतले दाणे वेगळे कळत नाहीत.

वर्षभर ती छान चालली. मग थंडीच्या सुरुवातीला आतून घरघर यायला लागली. शटरचं बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारायचं. चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर गेला हे उघड होतं, कारण तो बंद केला की सगळं शांत. वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे काळजीचं कारण नाही असं धरून चाललो.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा वागायला चांगला. बिल बघितलं, लेन्स फिरवून बघितली, पुन्हा बिल बघितलं. ‘‘बिलमां सिरियल नंबर नथी, काका.’’ बिलावर होतं काय, तर ‘लेन्स ७०-३००, नग १’, मालाच्या प्रकाराचा एचएसएन कोड आणि जीएसटीचे दोन भाग. मी घरून खोका आणला होता, त्यावरच्या बारकोडच्या चिठ्ठीवर नंबर होता, लेन्सच्या नळीवर तोच. कंपनीच्या साइटवर नोंदणी केली होती, तिथेही तोच. मुलगा म्हणाला, खोक्यावर नंबर आहे पण तुमचं नाव नाही, बिलावर तुमचं नाव आहे पण नंबर नाही. तर्क बिनचूक. ऐकून घेण्यापलीकडे माझ्या हातात काही राहिलं नाही.

लेन्स घेतली ते दुकान रावपुऱ्यात. मालक ओळखीचे, चहा मागवला. ‘‘ए तो जीएसटीमां चढी गयुं, हवे न बदलाय.’’ म्हटलं, बिल बदलू नका, त्यावर पेनाने नंबर लिहून शिक्का मारा. त्यांनी लगेच मारला, वर सहीसुद्धा केली. तो कागद घेऊन मी परत काउंटरवर. मुलाने तो उजेडात धरला, नोट तपासतात तसा. हाताने लिहिलेलं चालत नाही. मग चालतं काय? ‘‘मेल करीने पूछी लऊं.’’

त्या मेलचं उत्तर कुठल्या गावाला गेलं देव जाणे. फोन केला की ‘हजी जवाब नथी आव्यो’. लेन्स त्यांनी ठेवून घेतली होती, पण दुरुस्तीला पुढे पाठवलेली नव्हती, कारण वॉरंटीत की पैसे भरून हे ठरल्याशिवाय एंट्रीच होत नाही. वॉरंटीबाहेर करायची तर एस्टिमेट मिळेल म्हणे, आणि ते नाकारलं तर तपासणीचे पैसे वेगळे. चौदा जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर होतं, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या उठत होत्या, आणि माझ्या हातात कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी १८-५५ लेन्स. तिच्यातून दोनशे फुटांवरचा पतंग म्हणजे आभाळावर पडलेला ठिपका.

शेवटी दोन गोष्टी केल्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आणि दुकानदारांच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप करून घेतल्या: अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या बिलाने विकलेल्या लेन्सचा सिरियल नंबर हा, खाली जीएसटी नंबर, सही, शिक्का. कशाने काम झालं सांगता येत नाही, पण लेटरहेड दिल्यावर मुलाचा चेहरा खुलला. ‘‘आ चालशे, काका.’’ हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? विचारलं नाही. लेन्स हातात नसताना भांडू नये.

तर नवी लेन्स घेताना दुकानातून पाय काढायच्या आधी बिलावर सिरियल नंबर छापून घ्या. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलात मालाचं वर्णन लागतं, वस्तूचा नंबर सक्तीचा नाही, म्हणून दुकानदार तो आपणहून टाकेलच असं नाही. मागितला की टाकतात.

लेन्स जमा करताना जॉब शीट वाचा. ‘फिजिकल कंडिशन’च्या रकान्यात माझ्यासमोर ‘फंगस, डस्ट’ लिहिलं जात होतं. मी तिथेच मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून दाखवला आणि ‘फंगस’ खोडायला लावलं. बुरशी सहसा वॉरंटीत धरत नाहीत, त्या एका शब्दावर पुढे सगळं नाकारता आलं असतं. जुनी लेन्स विकत घेतानाही हीच टॉर्चची परीक्षा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नमस्कार करून निघायचं. थोडे धुळीचे कण असले तर चालतात, फोटोत येत नाहीत.

माझ्या लेन्सला बुरशी नव्हती ती नशिबाने नव्हे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर आमच्या भिंती कितीतरी दिवस घाम गाळत होत्या. तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा, फार कोरडंही बरं नाही. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरायचे. चामड्याच्या पाकिटात लेन्स ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. काच पुसताना आधी ब्लोअर, मग ब्रश, फडकं शेवटी. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे शिंतोडे उडतात.

फेब्रुवारीत लेन्स आली. काउंटरवरच नळीवरचा नंबर जॉब शीटशी ताडून बघितला, झूम दोन्ही टोकांना फिरवला, मुलाचाच फोटो काढला. घरघर गेली होती. रविवारी डभोईमार्गे वढवाणा गाठलं. पट्टकादंब पक्षी थोडेच उरले होते, पण होते. उडत्या पक्ष्याला स्टॅबिलायझरचा काही उपयोग नाही, तो फक्त आपल्या हाताचं कापणं सावरतो. शटर १/१६०० सेकंदावर न्या, ॲपर्चर ८ करा, स्वस्त झूम ३०० वर तिथेच जरा धारदार होते.