ऊन खाण्याचं क्रियापद

शब्दकोशात भलताच शब्द शोधताना आज 'ॲप्रिकेट'पाशी अडले. इंग्रजी क्रियापद. अर्थ: उन्हात निवांत बसून ऊब घेणं.

वाटलं, ॲप्रिकॉटचं, म्हणजे जर्दाळूचं भावंड असणार. तर नाही! हे आलं लॅटिन 'ॲप्रिकस'वरून, म्हणजे उन्हात असलेलं. 'ॲप्रिकॉट' या नावाचं मूळ लॅटिन 'प्रीकॉक्स', लवकर पिकणारं. ते ग्रीक, अरबी असा वळसा घेत इंग्रजीत पोचलं.

17व्या शतकात इंग्रजीत आलेलं हे क्रियापद आता फारसं कुणी वापरत नाही. दिवसभर तेच मनात घोळतंय. इतक्या साध्या सुखासाठी नेमका शब्द, आणि तोच असा अडगळीत!

आपण मराठीत ऊन चक्क 'खातो'. तुम्ही शेवटचं कधी खाल्लंत?