रीमॅनचा चकचकीत डबा आणि ॲरिझोनाचं भंगार

डबा उघडला तेव्हा आतला ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा चिमटा, इतका स्वच्छ होता की उचलण्याआधी मीच हात पुसले. सोनेरी झाक असलेलं झिंक प्लेटिंग, नवे रबरी बूट, ऑइलच्या भोकाला लाल प्लास्टिकचं बूच. वीस मिनिटांनी तोच कॅलिपर गॅरेजच्या फरशीवर ठेवून मी त्याच्याकडे बघत बसलो होतो, कारण नवी डिस्क त्याच्यातून फिरेना. कॅलिपर ज्यावर बसतो ते ब्रॅकेट डिस्कच्या कडेला घासत होतं.

गाडी १९९२ची माझदा मियाटा. आम्ही राहतो डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे गाडी थंडीत पांघरूण घेऊन झोपते आणि उरलेले महिने मी तिचे लाड करतो. पुण्याला बाबांना व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दाखवली तेव्हा ते म्हणाले, “दोनच सीटा? मग घरचे रिक्षाने येणार का?”

मियाटा लोकांपुढे आली ती १९८९मध्ये, शिकागोच्या ऑटो शोत. सुरुवातीच्या गाड्यांना १.६ लिटरचं इंजिन होतं. १९९४ला १.८ आलं आणि त्यासोबत ब्रेकही वाढले: पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची २५५ झाली, मागची २३१ची २५१. तेव्हापासून १.६च्या गाडीला १.८चे ब्रेक लावणं हा मियाटावाल्यांचा घरगुती उद्योग आहे. चौदा इंची चाकंही तीच चालतात. वीस मिलिमीटरने काय होतंय, असं मलाही वाटायचं. पण पॅड डिस्कला जिथे पकडतो ती जागा मध्यापासून जवळपास सेंटिमीटरभर लांब सरकते, म्हणजे पायाच्या तेवढ्याच जोरात आठ-दहा टक्के जास्त काम होतं. शिवाय तापायला जास्त लोखंड मिळतं. आणि पुढचं-मागचं दोन्ही कंपनीने जुळवून दिलेलं, त्यामुळे गाडीचा तोल बिघडत नाही. फक्त पुढे चार पिस्टनचे मोठे कॅलिपर लावून मिरवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मागचे ब्रेक मग लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखे नुसते हजर असतात.

हे सगळं सुरू झालं साउथ हेवनजवळच्या जिंजरमन ट्रॅकवर. चौथ्या-पाचव्या फेरीला पेडल स्पंजासारखं झालं. खरं सांगायचं तर ते दुखणं कॅलिपरचं नव्हतंच. जुनं ब्रेक ऑइल उकळलं होतं. चांगलं ऑइल आणि बरे पॅड घातले असते तरी भागलं असतं, आणि कुणी विचारलं तर मी आधी तेच सांगतो. पण घरी आल्यावर लक्षात आलं की उजवं पुढचं चाक हाताला डाव्यापेक्षा बरंच गरम लागतंय. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन पुढे जात होता, मागे यायला कुरकुरत होता. म्हणजे कॅलिपरला हात लावणं आलंच. मग म्हटलं, आता १.८चेच लावू.

त्या चकचकीत डब्यातला कॅलिपर होता ‘रीमॅन’, म्हणजे रीमॅन्युफॅक्चर्ड. ते काय ते सांगतो, कारण आपल्याकडे हा प्रकार फारसा दिसत नाही. दुकानात कॅलिपर घेताना किमतीवर आणखी काही डॉलर अनामत ठेवून घेतात. तिला ‘कोअर’ म्हणतात. तुमचा जुना कॅलिपर परत केला की अनामत परत. ते जुने कॅलिपर कारखान्यात जातात, सुटे होतात, छर्‍यांच्या माऱ्याने गंज उडवतात, प्लेटिंग करतात, नवं सील-बूट घालतात, दाबाखाली गळती तपासतात आणि नव्या डब्यात भरून परत दुकानात. कल्पना झकास आहे. आपल्या भांड्यांच्या मोडीसारखी, फक्त मोड देऊन तसलंच भांडं परत घ्यायचं.

गोम त्या मोडीतच आहे. माझ्यासारखा कुणीतरी १.६च्या गाडीला १.८चे कॅलिपर घेतो आणि कोअर म्हणून काय परत देतो? आपले जुने, १.६चे, ब्रॅकेटसकट. काउंटरवरचा मुलगा डब्यात डोकावतो, कॅलिपर दिसतो, पैसे परत करतो. त्या डब्यावर छापलेलं असतं १९९४. मी ते चकचकीत ब्रॅकेट माझ्या गाडीवरून काढलेल्या गंजक्या ब्रॅकेटशेजारी ठेवलं. भोकं, उंची, कमान, सगळं तंतोतंत तेच. दोन डब्यांतल्या एकात १.८चं ब्रॅकेट होतं, दुसऱ्यात १.६चं, सोनेरी मुलाम्यात. आणि ब्रॅकेट हीच तर यातली मुद्द्याची वस्तू, कारण कॅलिपरला बाहेरच्या बाजूला सरकवतं तेच.

परत करण्याआधी कुतूहल म्हणून ब्लीडर, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू, उघडून पाहिला. आट्यांमध्ये बारीक करकरीत रेती. आतल्या सीलच्या खाचेत काय असेल कोण जाणे. मग माझं मन उडालं. सगळे रीमॅन असेच असतात असं मी म्हणणार नाही. माझ्या रोजच्या गाडीला रीमॅनच आहेत आणि चार वर्षं बिनतक्रार चालताहेत. पण डबाबंद वस्तूत बघायला मिळतं ते प्लेटिंग.

पुढचे मग वापरलेलेच घ्यायचे ठरवले, पण मिशिगनमधले नाहीत. इथल्या भंगारवाड्यातला कॅलिपर म्हणजे मिठात मुरलेलं लोणचं. ब्लीडरला पाना लावला की डोकं हातात येतं. ॲरिझोनातल्या एका माणसाकडे १९९६च्या गाडीचे काढलेले मिळाले, ब्रॅकेटसकट साठ डॉलरला जोडी. पैसे पाठवण्याआधी त्याच्याकडून तीन फोटो मागवले: ब्लीडरचं षटकोनी डोकं जवळून, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर ओढून, आणि ब्रॅकेटवर फूटपट्टी ठेवून. तिसऱ्या फोटोचं कारण त्याला कळलं नसावं, पण त्याने काढला. ब्लीडरच्या कडा गोल झालेल्या असत्या तर मी तिथेच थांबलो असतो. बाकी सगळं दुरुस्त होतं, आत तुटलेला ब्लीडर काढण्यात मात्र रविवार जातो.

आले ते दिसायला दरिद्री होते. धूळ, काळी पावडर, एक बूट फाटलेला. पिस्टनपुढे लाकडाचा ठोकळा ठेवून ऑइलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा हळूच सोडली. ‘ठॉक’ करून पिस्टन ठोकळ्यावर आला. इथे बोट मध्ये असलं तर ते बोट गेलंच समजा.

पिस्टन बाहेर आला की सिलिंडरच्या भिंतीत एक खाच दिसते आणि तीत एक रबरी रिंग. तिचा काप गोल नसतो, चौकोनी असतो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि ही रिंग त्याला धरून थोडी पिळवटते. पाय उचलला की पीळ सुटतो आणि पिस्टन केसभर मागे ओढला जातो. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्यावरच. स्प्रिंग नाही, काही नाही. आता ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, त्या खाचेत रबरामागे गंज धरतो, गंज रिंगला आतून पिस्टनवर दाबतो आणि मागे ओढणं बंद होतं. माझ्या जुन्या उजव्या कॅलिपरला हेच झालं होतं. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आकडा घेऊन मी खाच पूर्ण गोल फिरून खरवडली. कपड्याने पुसलं की तांबूस डाग, पुन्हा खरवडायचं, पुन्हा पुसायचं. एका कॅलिपरला पाऊण तास. ॲरिझोनाच्या दोन्ही पिस्टनना नख लावून पाहिलं, कुठे अडकलं नाही. खड्डा लागला असता तर पिस्टन नवा घेतला असता.

जोडताना सीलला फक्त ताजं ब्रेक ऑइल लावलं. हे मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या पद्मिनीच्या व्हील सिलिंडरचे कप बाबा नाना पेठेतून आणून स्वतः बदलायचे, आणि मी शेजारी रॉकेलचा डबा घेऊन बसलो की ओरडायचे, “रॉकेल रबराला लावू नकोस, फुगतं ते!” स्लाइड पिनांना सिलिकॉनचं ग्रीस, नळीच्या बोल्टला नवे तांब्याचे वॉशर, झालं.

मागचे मात्र मी रीमॅनच घेतले. विसंगत वाटेल, पण मियाटाच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच आहे, आणि ती उघडून परत बसवायची माझी छाती नाही. दुकानातच डबे उघडून ब्रॅकेट मोजून घेतली. बसवल्यावर पाठीमागचा चौदाच्या पान्याचा बोल्ट काढायचा, आत चार मिलिमीटरची ॲलन की घालायची, पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवायचं आणि तिथून एकतृतीयांश फेरा उलटा. हे न करताच हँडब्रेक लागत नाही म्हणून रडणारे बरेच भेटतात.

ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला बायकोला सीटवर बसवलं.

“दाब.”

“दाबलंय.”

“धरून ठेव… हं, सोड.”

“मी लहानपणी स्कूटरलासुद्धा एवढं दाबलं नाही,” ती म्हणाली. चारही चाकं दोनदा झाल्यावर पेडल वरच, घट्ट.

राहिला मागच्या कॅलिपरचा कोअर. माझे जुने १.६चे कॅलिपर, ब्रॅकेटसकट, १९९४ छापलेल्या डब्यात भरून द्यायचे होते. पांढरा पेंट-मार्कर घेतला आणि दोन्ही ब्रॅकेटवर ठळक लिहिलं: १.६. बायको वाकून बघत होती.

“अरे, हे मराठीत लिहिलंयस. कारखान्यात कोण वाचणार?”

खाली पुन्हा इंग्रजी आकड्यात लिहिलं. मराठीतलं पुसलं नाही.