कोंबडा उडी गया

अमळनेरात वडिलांच्या जुन्या कापसाच्या गोदामात मी मातीकाम शिकवतो. गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीतली सून यायला लागली. युक्रेनमधल्या खारकिव्हची. नवरा तिथं डॉक्टरकी शिकत होता. २०२२च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं तेव्हा दोघं भुयारी मेट्रोच्या स्टेशनात झोपत, मग कशीबशी रेल्वे मिळाली. मराठी ती सासूकडून शिकली, म्हणजे अहिराणीच.

तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. कीव्हजवळचं बोरोद्यांका, बॉम्बनं कोसळलेली इमारत. वरच्या मजल्यावर उरलेल्या भिंतीला स्वयंपाकघरातलं कपाट तसंच लटकलेलं आणि कपाटावर मातीचा कोंबडा. वासिलकिव्हच्या कारखान्यातला. आपल्याकडं लोणच्याच्या बरण्या असायच्या तसे तिकडं हे कोंबडे घराघरांत.

"माझ्या आजीकडं पण होता," ती म्हणाली. तिला भिंत, कपाट, कोंबडा, सगळंच करायचं होतं.

वीतभर भिंत थापली. कपाटाची दारं पातळ चिखलानं चिकटवली. कोंबडा तिनं भरीव केला होता; मी तारेनं चिरून आतून कोरायला लावला, बुडाला भोक पाडलं. झिलईसाठी, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपासाठी, चोपड्याहून केळीच्या खोडांची राख आणली. त्या राखेत पोटॅश भरपूर, झिलई लवकर वितळते.

पुढची चूक माझी. हवा दमट होती. कोंबडा गालाला लावून पाहिला तर अजून गार लागत होता, म्हणजे आत ओल. पण दुसऱ्या दिवशी लाइट जाणार होती, म्हणून भरली भट्टी. एरवी मी झरोक्यापाशी आरसा धरतो; त्यावर वाफ धरायची थांबल्याशिवाय आच वाढवत नाही. त्या संध्याकाळी आरसा खिळ्यालाच राहिला.

साडेसातला भट्टीत धप्प झालं. मी दचकलो. ती स्टुलावर बसली होती, हललीसुद्धा नाही. मान तिरकी करून ऐकत राहिली.

"एकच," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "दुसरा नाही."

मला काही बोलता येईना.

सकाळी उघडलं. भिंत शाबूत, कपाट शाबूत. कोंबड्याचं चिकटवलेलं बूड तेवढं वर उरलेलं, बाकी खापऱ्या तळाशी. सासू डबा घेऊन आली होती. "काय व्हयनं वं माय?" म्हणत वाकून बघितलं आणि म्हणाली, "कोंबडा उडी गया!" सून एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला मात्र हसू आलं नाही.

मी म्हटलं, नवा करू, आठवड्याचं काम. ती नको म्हणाली. बुडाला राखेची झिलई लावली आणि तसंच पुन्हा १२०० अंशांवर भाजून घेतलं. हिरवट, थोडी ओघळलेली निघाली.

आता ते त्यांच्या फडताळावर आहे. सासू रोज धूळ पुसते आणि कोंबडा कधी बसवतेस, म्हणून विचारते.