साडेसत्तावीस टक्के बिलो

निविदांचा दुसरा, दरांचा लिफाफा उघडला तेव्हा पडद्यावर पाच आकडे आले: 4.1, 6.5, 8.2, 9.7 आणि 27.5 टक्के बिलो, म्हणजे आमच्या अंदाजपत्रकापेक्षा तेवढे कमी. यवतमाळ जिल्ह्यातला 1.8 किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद गावरस्ता. खडीकरण झालेलं, वर 20 मिमी कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, आणि त्याला बंद करणारा सीलकोट. पाच निविदा असल्या की सरासरीच्या एक प्रमाण विचलनाहून खाली गेलेली निविदा तपासायची, ही जागतिक बँकेची पद्धत. इथे सरासरी 11.2, विचलन 8.4, म्हणजे सीमा 19.6 बिलोची. शेवटची निविदा तिच्याही बरीच खाली. पण तेवढ्यावर कोणाला बाद करता येत नाही. वरच्या चौघांनी आपसांत ठरवून दर भरले असतील, तर स्वस्तवालाच खरा निघतो.

म्हणून आधी आपलंच अंदाजपत्रक तपासायला काढलं. खडीचं लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, 38 किलोमीटर धरलेलं, आणि चालू क्रशर 14 किलोमीटरवर. चूक आमची होती. मग 27.5 वाल्या कंत्राटदाराकडे प्रत्येक बाबीचं दर पृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याची फोड, लेखी मागितलं. "क्रशर आपलंच, टिप्पर आपलेच, साहेब," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. या सगळ्यातून बारा टक्क्यांचा हिशेब लागला. साडेपंधरा टक्के उरलेच.

बी-1 निविदेत, म्हणजे सगळ्या कामाला एकच टक्का भरायच्या निविदेत, कमी केलेला टक्का सगळ्या बाबींना सारखा लागतो, डांबरालाही. डांबराचा भाव मात्र तेल कंपन्या महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला ठरवतात. तिथे एवढी सूट कोणालाच मिळत नाही. म्हणून रुपये बाजूला ठेवून किलो मोजले. 20 मिमी कार्पेटला 10 चौरस मीटरमागे 14.6 किलो डांबर लागतं. रस्ता 6,750 चौरस मीटरचा, म्हणजे 9,855 किलो. त्याने धरले होते 11 किलो, म्हणजे 7,425. तब्बल 2,430 किलो कमी! टॅक कोटची, म्हणजे थर चिकटवणाऱ्या डांबराच्या फवाऱ्याची, तर ओळच नव्हती.

अशा कार्पेटची खडी पहिल्याच पावसाळ्यात सुटू लागते. पाणी खडीकरणातून खालच्या काळ्या मातीत उतरतं, माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि कडेपासून रस्ता खचत जातो. फार कमी दराच्या निविदेवर अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली की भागलं, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ठेवीने मिश्रणातलं डांबर वाढत नाही, आणि रस्ता उखडल्यावर गावाची एसटी बंद होते ती होतेच.

डांबराचा हिशेब मागणाऱ्या दुसऱ्या पत्राला "डांबर पूर्ण वापरू" एवढंच उत्तर आलं, हिशेब नाही. निविदा नामंजूर करण्याची शिफारस कारणांसह टिपणीत लिहिली. 9.7 वाल्यालाही काम देऊ नये असं लिहिलं, कारण अंदाजपत्रकच फुगलेलं होतं. लीड 14 किलोमीटर धरून फेरनिविदा निघाली. अटींमध्ये एक ओळ ठळक केली: प्रत्येक डांबर टँकरचा मूळ गेटपास (किती डांबर आलं त्याची पावती) बिलाआधी जमा करणे.