कारच्या चावीतला सेल घरी बदलताना

बलेनोच्या स्मार्ट कीचा सेल मी घरीच बदलतो. सेल घालणं सोपं आहे, कौशल्य लागतं ते चावी न तोडता उघडायला.

सेल संपत आला की आधी रिमोटचा पल्ला घटतो. लांबून उघडणारं दार अगदी जवळ गेल्याशिवाय दाद देत नाही. थंडीत हे लवकर जाणवतं, कारण गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो.

या चावीला सीआर २०३२ लागतो. माप आकड्यातच आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दुकानदार कधी कधी २०२५ पुढे करतो, 'चालतो हो' म्हणून. व्होल्टेज तेच, ३; पण जाडी ०.७ मिलिमीटरने कमी. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्रीची पकड ढिली राहते आणि चावी खिशात हलली की संपर्क तुटतो. इतर गाड्यांच्या चाव्यांत सीआर १६२० किंवा २०२५ सुद्धा असतो, म्हणून जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा घ्यावा. व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टीमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. थकलेला सेल नुसता मोजला तर २.९ व्होल्ट दाखवतो आणि बटण दाबताच कोसळतो.

आतली धातूची चावी आधी बाहेर काढतो, म्हणजे कवचाची खाच दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून ते खाचेत घालायचं आणि उचकटण्याऐवजी मनगट हळूच फिरवायचं. एकाच कोपऱ्यावर जोर दिला तर आतले प्लास्टिकचे हुक मोडतात, मग कवच कधीच घट्ट बसत नाही.

जुना सेल काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढतो. अधिकची बाजू वर की खाली, ही शंका मग उरत नाही. नवा सेल कडेने धरावा. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडल्या तर तो शॉर्ट होतो. बोटांचा तेलकटपणा कोरड्या कापडाने पुसून घ्यावा. पत्र्या चपट्या झाल्या असतील तर टूथपिकने किंचित वर उचलाव्यात. कधी कधी खरा बिघाड इथेच असतो. रबरी पॅड जागेवर नसेल तर पावसाचं पाणी आत शिरतं. जुन्या फ्लिप चाव्यांत इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची, चिप कधी कधी सुटी असते. ती टेबलावरून घरंगळली तर नवा सेल घालूनही गाडी चालू होणार नाही.

चावीचा कोड कायमस्वरूपी मेमरीत असतो, त्यामुळे सेल काढल्याने सहसा पुन्हा प्रोग्रॅमिंग करावं लागत नाही. तरीही रिमोट गप्प असेल तर सेल उलटा आहे का, ते पाहावं. मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात, तोही काही उपकरणांत संपर्काच्या आड येतो.

सेल वाटेतच संपला तर दार धातूच्या चावीने उघडावं, क्लच दाबून रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवावा. चिपला ऊर्जा गाडीच्या अँटेनातून मिळते, त्यामुळे इंजिन सुरू होतं.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा. तोवर तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये: गिळलेला सेल अन्ननलिका दोन तासांत भाजू शकतो.