दोन वाजताची पाळी

बाराशे टेबलांवरचे पीसी उचलायचे, तिथे थिन क्लायंट (पडदा, कीबोर्ड आणि माउस जोडायचे छोटे डबे) ठेवायचे आणि डेस्कटॉप सगळे डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर न्यायचे, असं काम होतं. संस्था ग्राहकसेवेची, नाव सांगण्यात अर्थ नाही. काम पाळ्यांचं. सकाळी एक माणूस बसलेल्या खुर्चीवर दुपारी दुसरा. व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी, म्हणजे असा सर्व्हरवर चालणारा विंडोज वापरण्यासाठी, याहून सोयीची जागा मिळणार नाही, असं पहिल्या बैठकीत सगळ्यांचं मत पडलं आणि ते खरंही होतं. माणूस उठला की त्याचा डेस्कटॉप पुसून टाकायचा, मूळ प्रतिमेवरून नवा बनवायचा, पुढच्याला कोरा करकरीत द्यायचा.

आराखडा माझ्याकडे होता. अशा कामात सगळे आधी स्टोरेजकडे धावतात, आणि त्याला कारण आहे. कामाच्या भरात एका डेस्कटॉपला १० आयओपीएस (सेकंदाला लिहिण्या-वाचण्याच्या क्रिया) धरले तर १,२०० चे १२,०००. त्यातलं ८० टक्के लिखाण, कारण एकदा सुरू झालेला विंडोज डेस्कटॉप वाचतो कमी आणि लिहितो जास्त. रेड ५ वर (अनेक डिस्क एकत्र जोडायची एक पद्धत) एका लिखाणामागे डिस्कवर ४ क्रिया होतात. म्हणजे ९,६०० चे ३८,४००, त्यात वाचनाचे २,४००, एकूण ४०,८००. १५,००० आरपीएमची डिस्क १८० च्या आसपास देते. झाल्या २२७ डिस्क! रेड १० घेतलं, तिथे एका लिखाणामागे २ क्रिया, तरी १२०. हे फळ्यावर मांडलं आणि फिरत्या डिस्कचा विषय तिथेच मिटला. सगळं फ्लॅशवर, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या साठवणीवर गेलं.

सर्व्हरचं गणित त्यापेक्षा सरळ. मेमरी आधी संपेल असं बहुतेकांना वाटतं, इथे प्रोसेसर आधी संपत होता. एका सर्व्हरला ३२ कोअर, एका कोअरवर ८ व्हर्च्युअल प्रोसेसर, प्रत्येक डेस्कटॉपला २, म्हणजे १२८ डेस्कटॉप. आम्ही १२० वर थांबलो. शंभर शिलकीचे धरून १,३०० डेस्कटॉपांचं ११ सर्व्हरवर भागत होतं, वर दोन जास्तीचे मागितले: एक बंद पडेल म्हणून आणि दुसरा आपणच देखभालीसाठी बंद करू म्हणून. हा दुसरा प्रत्येक वेळी भांडून घ्यावा लागतो.

(थिन क्लायंट घेतला की विंडोजच्या परवान्याचा खर्च वाचतो, अशी समजूत इथेही होती. उलट आहे. टेबलावरच्या डब्यात विंडोज नसलं तरी डेटा सेंटरमधलं विंडोज वापरण्याचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. थिन क्लायंटची बचत देखभालीत दिसते, खरेदीत नाही.)

पीसींवर मोजणीचं सॉफ्टवेअर चालू होतं आणि त्याचे आलेख सुरेख येत होते. तरीही मी मजल्यावर जाऊन बसायचो. आलेखात न दिसलेल्या दोन गोष्टी तिथे दिसल्या. एक, फोन संगणकावरूनच घेतला जातो. तो आवाज डेटा सेंटरला जाऊन परत हेडसेटमध्ये आला असता तर बोलणं अडखळलं असतं, म्हणून तो थिन क्लायंटवरूनच थेट बाहेर काढायचं ठरलं. दोन, कोपऱ्यातल्या टेबलांवर स्कॅनर होते. ए४ आकाराचा रंगीत कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला की न दाबलेली प्रतिमा २५ एमबीच्या पुढे जाते. यूएसबी जसंच्या तसं डेस्कटॉपपर्यंत ताणलं असतं तर शाखांच्या लाइनी तिथेच तुंबल्या असत्या.

तिथल्या पाळीच्या पर्यवेक्षक बाई माझं लिहिणं बघत होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज सकाळी येता. सकाळी लोक अर्ध्या तासात सावकाश येतात. दोन वाजता या. एक उठतो न उठतो तोच दुसरा बसतो, आणि फोन तर वाजतच असतो."

मी दोन वाजता जाऊन बघितलं. वीस मिनिटांत अख्खा मजला बदलला.

रंगीत तालीम सुट्टीच्या दिवशी ठेवली होती. दोनशे खरी माणसं, उरलेली हजार लॉगिन स्क्रिप्टने. पुरवठादाराच्या योजनेत फक्त सकाळ होती: डेस्कटॉप पहाटे टप्प्याटप्प्याने सुरू करायचे, नऊला सगळ्यांनी लॉगिन करायचं, तासभर काम, जेवायच्या आत सगळे घरी. मी पाळी बदलण्याची तालीमही मागितली. सुट्टीच्या दिवशी लोकांना दुपारपर्यंत कशाला अडकवायचं, यावर बरीच वादावादी झाली. शेवटी बाईंनीच आपल्या पाळीची माणसं थांबवून घेतली.

सकाळ देखणी गेली. फ्लॅशने हूं की चूं केलं नाही. लॉगिनला सुरुवातीला पाव मिनिट, ऐन गर्दीत मिनिटाच्या वर. तो वेळही स्टोरेजचा नव्हता. एक जुनी ग्रुप पॉलिसी (सगळ्या संगणकांना लावलेला मध्यवर्ती नियम) प्रत्येक लॉगिनला इमारतीतले झाडून सगळे प्रिंटर जोडत बसायची, ती जागच्या जागी काढली. पुरवठादाराची माणसं हात मिळवून निघायच्या बेतात होती.

दोनला सगळ्यांना लॉगऑफ करायला सांगितलं. जुने डेस्कटॉप पुसले जाऊ लागले, नवे बनू लागले, माणसं बसू लागली. पाचशे, सहाशे, सातशे आत गेले. साडेसातशेला थोडे कमी असताना आकडा थांबला. बाकीच्यांच्या पडद्यावर एकच निरोप: डेस्कटॉप उपलब्ध नाही.

खोलीत सगळ्यांनी स्टोरेजचा आलेख उघडला. तो निवांत होता. सर्व्हरवर प्रोसेसर, मेमरी, सगळं मोकळं. नवे डेस्कटॉप बनतही होते, चालूही होते, पण ब्रोकरच्या (येणाऱ्याला मोकळा डेस्कटॉप जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी ते नव्हतेच. मी त्यातल्या एकाचा कन्सोल उघडून त्याचा आयपी पत्ता बघितला. १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता विंडोज स्वतःच्या मनाने घेतं, डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, काहीच मिळालं नाही की.

मग आकडे आपोआप जुळले. डेस्कटॉपसाठी नेटवर्कचा /२१ पट्टा होता, म्हणजे वापरण्याजोगे २,०४६ पत्ते. शंभर शिलकीचे धरून डेस्कटॉप १,३००. कागदावर भरपूर. पण पुसलेला डेस्कटॉप आपला पत्ता परत करत नाही. त्याची वीजच तोडली जाते, निरोप घ्यायला वेळ कुठला? नव्या डेस्कटॉपला नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख), म्हणून डीएचसीपीच्या दृष्टीने तो परका पाहुणा. आणि विंडोजच्या डीएचसीपीमध्ये पत्त्याची मुदत मुळात ८ दिवसांची असते, ती तशीच होती. सकाळचे १,३०० पत्ते पुढच्या आठवड्यापर्यंत मेलेल्या डेस्कटॉपांच्या नावावर अडकले. उरले ७४६. तेवढीच माणसं आत गेली.

८ दिवसांची मुदत पीसीच्या काळात कुणाला टोचली नव्हती, कारण पीसी वर्षानुवर्षं तोच असतो. इथे रोज दोन-तीन वेळा सगळी वस्तीच बदलणार होती.

"मुदत तासाभराची करा, झालं," असं एकजण म्हणाला. झालं नसतं. पाळी बदलते वीस मिनिटांत. त्या वीस मिनिटांत जुने १,३०० आणि नवे १,३०० दोन्ही हिशेबात असणार, म्हणजे २,६०० पत्ते हवेतच. पुसण्याऐवजी त्याच डेस्कटॉपला मागच्या स्थितीवर न्यायचं, म्हणजे मॅक पत्ता तोच राहील, हा दुसरा मार्ग होता. मला तो पसंत होता. सुरक्षा विभाग ऐकेना. शेवटी शेजारचा पट्टा रिकामा निघाला, तो जोडून /२० केला, ४,०९४ पत्ते झाले, आणि मुदत दोन तासांवर आणली. थिन क्लायंट वेगळ्या नेटवर्कवर होते, त्यांची ८ दिवसांची मुदत तशीच ठेवली. ते बिचारे कुठे जातात?

पुढच्या तालमीत दोन वाजता सगळे बसले. सव्वादोनला मदतकक्षातून फोन आला. तिथल्या मुलीने एका डेस्कटॉपचं नाव टाकून त्यावर जोडून घेतलं, तर समोर भलत्याच माणसाचा पडदा. पत्ते आता भराभर फिरत होते, पण डीएनएसमधल्या, म्हणजे कोणत्या नावाचा पत्ता कोणता या यादीतल्या, नोंदी जुन्याच होत्या. नवा डेस्कटॉप नावाने तोच असला तरी डोमेनमध्ये (संस्थेच्या संगणकांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) त्याचं खातं नवं. जुन्या खात्याने केलेली नोंद बदलायचा हक्क त्याला नव्हता. मुदत ८ दिवसांची असती तर हे इतक्या लवकर दिसलंच नसतं. नोंदी करायचं काम डेस्कटॉपकडून काढून डीएचसीपी सर्व्हरकडे दिलं, त्याला त्यासाठी स्वतंत्र खातं दिलं, शिळ्या नोंदी साफ करण्याचं वेळापत्रक लावलं.

एवढ्यावर व्यवस्थापनाने विचारलं, अजून काय काय निघेल? मी यादी दिली. टाइम सर्व्हर, डोमेन कंट्रोलर, प्रोफाइलचा फाइल सर्व्हर, विंडोजची सक्रियता, अँटिव्हायरसची अद्ययावत फाइल. या सगळ्यांचे आजवरचे आकडे बाराशे सवडीने येणाऱ्या पीसींचे होते. प्रत्येकासमोर मी "दोन वाजता किती?" असा रकाना घातला आणि तो भरेपर्यंत तारीख देणार नाही असं सांगितलं. तारीख पुढे गेली. पुरवठादार नाराज झाला.

शेवटी काम मजल्यामजल्याने करायचं ठरलं. पहिला मजला बाईंचा, कारण स्कॅनर तिथेच सगळ्यात जास्त होते. तिथे पहिला महिनाअखेर निभेपर्यंत जुने पीसी टेबलाखाली जोडलेलेच ठेवायचे, ही अट त्यांनी घातली आणि योजनेत लिहूनही घेतली.