एपकॉटचा गोळा आणि त्याच्या आतला आवाज

ऑरलँडोला जाणार म्हटल्यावर ज्याने त्याने मला रोलर कोस्टरांचीच यादी पाठवली. मला मात्र लहानपणी एका मासिकात बघितलेला एपकॉट या तिथल्या डिस्ने पार्कचा तो चंदेरी गोळा आतून बघायचा होता. स्पेसशिप अर्थ, हे गोळ्याचंही नाव आणि आतल्या राइडचंही. 180 फूट उंच, बाहेरून 11,324 त्रिकोणी तुकडे, आणि पोटात माणूस एकमेकाशी बोलायला कसा शिकला त्याची गोष्ट, गुहेपासून कॉम्प्युटरपर्यंत. गोळ्याला हे नाव पडलं ते बकमिन्स्टर फुलर नावाच्या आर्किटेक्टमुळे, पृथ्वी म्हणजे आपल्या सगळ्यांचं मिळून एक यान आहे ही कल्पना त्याने लोकांच्या डोक्यात बसवली, आणि असल्या त्रिकोणी जोडणीचे घुमटही त्यानेच जगभर गाजवले. आतल्या गोष्टीचा आराखडा करायला रे ब्रॅडबरी या विज्ञानकथा लेखकाची मदत झाली होती.

माझा आतेभाऊ, आमचा दादा, टॅम्पाला राहतो, नव्वदच्या दशकात शिकायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला, आणि या राइडचा तो असा भक्त आहे की सकाळी गाडी हायवेला लागल्या लागल्या त्याने जुन्या निवेदनांची रेकॉर्डिंग लावली. मला आधी कळेना हा काय प्रकार. एखाद्या राइडचं निवेदन कोण गाडीत ऐकतं? पण तासाभराच्या त्या रस्त्यात मला पटलं की ऐकण्यासारखं आहे.

तर झालंय असं, की 1 ऑक्टोबर 1982 ला एपकॉट उघडलं तेव्हापासून ही राइड आहे, आतले बरेचसे देखावे तेव्हापासूनचेच आहेत, पण गोष्ट सांगणारा माणूस मात्र तीनदा बदलला. पहिला आवाज लॉरेन्स डॉबकिन या नटाचा (बरीच वर्षं फॅन लोक तो विक पेरिन या दुसऱ्याच नटाचा समजत होते, यावरसुद्धा लोक तासन्‌तास बोलू शकतात). मग 1986 ला वॉल्टर क्रॉंकाइट आले, टीव्हीवर बातम्या सांगणारे, चंद्रावर माणूस उतरला ते ज्यांच्या तोंडून अख्ख्या अमेरिकेने ऐकलं ते. 1994 पासून जेरेमी आयर्न्स, ब्रिटिश नट. आणि 2008 पासून आजतागायत जूडी डेंच, ब्रिटिश अभिनेत्री. तोच अभंग पण बुवा बदलले की कीर्तन बदलतं ना, अगदी तसं. डॉबकिन गंभीर, जरा देवळातल्यासारखे. क्रॉंकाइट घरातल्या आजोबांसारखे, शांत आणि भरवशाचे. आयर्न्सचा आवाज ऐकताना अंगावर काटा येतो, खरंच येतो, पृथ्वी नावाचं जहाज काळातून चाललंय आणि आपण त्यावरचे थोड्या वेळाचे प्रवासी, अशा अर्थाचं काहीतरी तो सांगतो तेव्हा दादाने गाडीत बोलणंच बंद केलं. जूडी डेंच म्हणजे हुशार, प्रेमळ मावशी, गोष्ट सोपी करून सांगणारी, मधेच गंमत करणारी.

आणि भांडण इथेच सुरू होतं. दादा आयर्न्सवाला. वहिनी लग्न होऊन आल्या 2009 ला, त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते डेंचबाईंना, आणि माझी भाची तर तोच आवाज ऐकत मोठी झाली. डेंचबाईंच्या निवेदनात फिनिशियन लोकांनी अक्षरं शोधली तिथे एक वाक्य आहे, एबीसी शिकायला सोपं गेलं ना, मग फिनिशियन लोकांचे आभार माना, असं. हे वाक्य फॅन लोकांमध्ये इतकं फेमस आहे की रांगेत पुढची दोन पोरं आपापसात तेच म्हणत होती. पुढे इजिप्तमधलं अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळतं, रोम पडतं, आणि मग कळतं की त्यातल्या काही पुस्तकांच्या प्रती पूर्वेकडे अरब आणि ज्यू विद्वानांनी जपून ठेवल्या होत्या, तर डेंचबाई त्याला म्हणतात जगातली पहिली बॅकअप सिस्टिम. यावर दादा चिडतो. "अगं एवढं सगळं जळून गेलंय, माणसांनी जिवापाड जपलंय, आणि तू बॅकअप म्हणतेस?" भाची म्हणाली, "बाबा, मला सातव्या वर्षी ते एका शब्दात कळलं, तुझ्या आयर्न्सचं अजून कळत नाही." मला दोघांचंही पटत होतं, आणि हेच मला या राइडचं मोठेपण वाटतं, की बारा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा बाप अलेक्झांड्रियाच्या आगीवरून वाद घालतायत.

दुपारी फ्लोरिडाचा पाऊस आला. आम्ही गोळ्याच्या खालीच उभे होतो, आणि तेव्हा मी एक गोष्ट नीट बघितली, एवढ्या मोठ्या गोळ्यावर धो धो पाऊस पडतोय पण खाली पागोळ्या नाहीत, धार नाही, काही नाही. पत्र्यांमधल्या फटींतून पाणी आत घेतात आणि आतल्या आत पन्हाळ्यांनी खाली नेऊन मागच्या तळ्यात सोडतात. कसलं डोकं लावलंय!

रांगेत आमच्या मागे एक वयस्कर गृहस्थ होते, अंगात जुन्या एपकॉटच्या चिन्हाचा टी-शर्ट, धुऊन धुऊन पातळ झालेला. आमचं इंग्लिश-मराठी भांडण ऐकून त्यांनी आपणहून सांगितलं की ते क्रॉंकाइटच्या बाजूचे, आणि 1986 च्या आवृत्तीत शेवटी जे गाणं होतं, उद्याच्या मुलांविषयीचं, ते परत आलं पाहिजे. दादाने लगेच मान डोलावली. मग दोघांचं जे सुरू झालं ते थेट चढेपर्यंत, कुठल्या वर्षी कुठला देखावा काढला, कुठला वाढवला, सगळं.

आता आतलं. सरकत्या पट्ट्यावरून गाडीत बसायचं, दोन पुढे दोन मागे. गाडी कुठे थांबत नाही, हळूहळू अंधारात वर चढत जाते आणि आपण पाठीवर रेलत जातो. समोरच्या स्क्रीनवर भाषा निवडायची, आणि वर चढताना एक कॅमेरा तुमचा फोटो काढतो (याचं पुढे येतंय). गुहेतली माणसं, मग इजिप्तमध्ये पपायरसचा कागद करणारा, रोमचे रस्ते. आणि रोम जळतं तिथला वास! मी वाचून गेले होते तरी दचकले. लाकूड जळून विझल्यावर येतो तसा कडवट धुराचा वास, समोर पडलेले खांब, मधे लाल निखारे, आणि गाडी तिथून इतकी सावकाश जाते की तो वास ओढणीत राहिला असं वाटावं. मला वाटतं या जागी निवेदन नसलं तरी चालेल.

पुढे बगदादकडचे विद्वान पुस्तकं घेऊन बसलेत, मागे सज्जात एकजण उपकरण धरून तारे बघतोय. इथे मला एक सांगायचंच आहे. याच बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्याही दोनशे वर्षं आधी, 628 मध्ये, ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची त्याचे नियम लिहून ठेवले होते. राइडच्या शेवटी कॉम्प्युटर येतो तो शून्य आणि एकवरच चालतो ना! म्हणजे या देखाव्यातून पुढच्या देखाव्याकडे जाणारा एक धागा सरळ आपल्याकडून जातो. उगाच आमचं पण नाव घ्या म्हणून नाही म्हणत, गोष्टच त्याने पूर्ण होईल. नवीन निवेदन लिहिणाऱ्याने तिथे एक वाक्य टाकावं, नवीन बाहुला पण नको. वहिनी म्हणाल्या, "हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही."

मग मठात लिहिता लिहिता झोपलेला साधू, त्याची छाती श्वासाबरोबर वरखाली होते, मी मुद्दाम वळून बघत राहिले. मग गटेनबर्ग छापलेलं पान हातात धरून तपासतोय. मग छताखाली चित्र काढणारा मायकेलअँजेलो, छापखाने, तार, फोन, सिनेमा, चंद्रावर उतरताना टीव्ही बघणारं कुटुंब, खोलीभर कॉम्प्युटर, आणि कॅलिफोर्नियातलं ते गॅरेज ज्यात एक पोरगा पाठमोरा बसून घरगुती कॉम्प्युटर करतोय. हे शेवटचे दोन देखावे 2008 चे. फोन-तार इतकं ठळक का, तर सुरुवातीचे स्पॉन्सर बेल सिस्टिम, नंतर एटी अँड टी, फोन कंपन्याच. 2005 ला सीमेन्स आले, तेही 2017 ला गेले.

आणि मग गोळ्याचा माथा. काळोख, तारे, आणि लांबवर निळी पृथ्वी. तिथे माझ्या डोळ्यात पाणी आलं. भाचीने हात धरला, "आत्या, मला पण दर वेळी होतं."

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं. पण इथून गाडी उलटी वळते आणि पाठमोरी खाली उतरायला लागते, आणि नेमकं तेव्हा समोरचा स्क्रीन पेटतो, तुम्हाला प्रश्न विचारतो, तुम्हाला कसं भविष्य हवंय, आणि मग मघाशी काढलेला तुमचा चेहरा एका कार्टूनवर चिकटवून दाखवतो. सगळी गाडी हसते. आणि हजारो वर्षं चढून आल्यावर जे काही मनात साठलेलं असतं ते तिथे सांडून जातं. बाजूला फक्त अंधार आणि छोटे त्रिकोणी दिवे, बघायला काही ठेवलेलंच नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये खाली येतानाही देखावे होते, दिवे होते, गाणं होतं, म्हणून दादाला आयर्न्स आठवतो आणि त्या गृहस्थांना क्रॉंकाइट. मला तर ठाम वाटायला लागलंय की आवाजावरून भांडण्यात अर्थ नाही, डेंचबाईंना राहू दे, खुशाल राहू दे, दुखणं आहे ते उताराचं. आयर्न्सना परत आणून त्याच स्क्रीनसमोर बोलायला लावलं तरी तोच घोळ होणार.

हे डिस्ने कंपनीलाही कळलेलं असणार, कारण 2019 ला त्यांनी मोठी घोषणा केली होती, नवं निवेदन, नवं संगीत, गोष्ट सांगण्याची वेगळी पद्धत. 2020 च्या मे मध्ये राइड बंद करून काम सुरू होणार होतं, पण मार्चमध्ये करोनामुळे अख्खं पार्कच बंद झालं आणि ते काम मागे पडलं. फॅन लोकांतले अर्धे तेव्हा हळहळले आणि अर्धे सुटलो म्हणाले. दादा सुटलो म्हणणाऱ्यांतला, कारण त्याला भीती की नवीन काहीतरी करताना ती आग आणि तो साधूच काढून टाकतील. त्याची भीती मला पटते. देखाव्यांना हात लावू नये, फक्त उतार नव्याने बांधावा.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: गोळा दारातच आहे त्यामुळे सकाळी आत शिरलेला प्रत्येकजण आधी तिथेच रांग लावतो, संध्याकाळी जा, रांग आटोक्यात असते. उंचीची अट नाही, तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळे बसू शकतात, फक्त उतरताना उलटं जायचं असल्याने ज्यांना गरगरतं त्यांनी मान टेकून बसा. आणि माथ्यावरून खाली निघालात की स्क्रीनला हातच लावू नका. मी दुसऱ्यांदा बसले तेव्हा तेच केलं, मान मागे टाकून वर बघत राहिले, माथ्यावरचे तारे बराच वेळ दिसत राहतात.